फटीपाशी कुणीच आलं नाही

काकांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि भोंगा दिला.

साधासुधा नाही. आधी घशातून, खालून, मग चढत चढत असा वर गेला की खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या वर्गातल्या बाई खडू हातात घेऊनच दारात आल्या. पहिल्या बाकावरच्यांनी कानात बोटं घातली. मागून एक पोरगी ओरडली, "लांब आहे! लांब आहे अजून!"

"लांब कशावरून?" काकांनी विचारलं.

"शेवट ताणला ना तुम्ही. जवळ आली असती तर तुकडे तुकडे करून वाजवला असता. पॉं-पॉं-पॉं."

पोरीचे पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे ते पॉं-पॉं पण हवेसकट आलं. अख्खा वर्ग हसला. काका खूश झाले. खूश व्हायला नको होतं, ते पुढे कळेलच, पण त्या वेळी झाले. त्यांनी चित्रांच्या तक्त्यावर छडी टेकवली आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "मग रूळ कुठून ओलांडायचा?"

"फाटकातून!" सगळे एका सुरात.

"आणि फटीतून?"

"कधीच नाही!"

असं म्हणणाऱ्या निम्म्या पोरांच्या पायांवर रुळातल्या खडीची काळी धूळ होती. सकाळीच रेल्वेच्या भिंतीतल्या फटीतून आली होती सगळी.

काकांना सगळे भोंगाकाका म्हणायचे. पोरं तोंडावर म्हणायची, मोठी माणसं पाठीमागे, आणि काकांना दोन्ही चालायचं. शाळाशाळांत फिरून रेल्वेपासून जीव कसा वाचवायचा हे शिकवायचं, ही त्यांची नोकरी. आधी ते इंजिन चालवायचे. अर्धं आयुष्य इंजिनात गेलं. मग एका सकाळी, वस्तीपाशीच, भिंतीच्या फटीतून एक तरणा माणूस डबा हलवत रुळावर आला. काकांनी भोंगा दिला, ब्रेक लावला, सगळं केलं जे करायचं असतं. पण गाडी म्हणजे सायकल नाही. ती तिच्या वेळेला थांबते.

त्यानंतर काकांचा पाय इंजिनाच्या पायरीवर चढेना. अक्षरशः चढेना. खाली उभे राहायचे, दांडी धरायचे आणि तसेच राहायचे. डॉक्टरने तपासलं, शिक्का मारला, घरी बसवलं. घरी बसल्यावर आणखी एक गोष्ट झाली. काकांचा आवाज गेला. म्हणजे मुके नाही झाले, पण बोलायचे ते इतकं हळू, की ओठ हलले एवढंच दिसायचं. आणि काकूला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आयुष्यभर यंत्रांपाशी उभी राहिली, त्या घरघरीने कान खाल्ला. आता एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकता येत नाही, असा संसार. हातवारे करून चालायचा. चहा हवा असला की काका कप वर धरायचे, आणि काकू म्हणायची, "हात उंच करून काय बसलात, शाळेत आहात का?"

मग खरंच शाळेतच पाठवलं त्यांना. ऑफिसला वाटलं, बसून पगार खाण्यापेक्षा हे बरं. पहिल्या दिवशी काका वर्गात उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. पोरं चुळबुळायला लागली. एकाने विचारलं, "काका, समोर माणूस दिसला की ड्रायव्हर काय करतो?" काकांनी हात तोंडाभोवती धरले. आणि सांगता येईना म्हणून भोंगा दिला. तोंडाने. पहिल्यांदा.

पोरांनी बाक बडवले. त्या संध्याकाळी काका घरी आले, दारातूनच ओरडले, "चहा टाक गं!" आणि काकूच्या हातातून कप पडला. तुकडे गोळा करताना ती रडत होती की हसत होती, हे तिलाच सांगता आलं नसतं.

एवढं सांगितलं कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आता ती फट. रुळाच्या अलीकडे वस्ती. पलीकडे हॉस्पिटल, बाजार, कारखाना, शाळासुद्धा. मध्ये रेल्वेची भिंत. भिंतीला फट, एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढी. रेल्वे दर वर्षी बुजवायची, लोक दर वर्षी पाडायचे. कायद्याने जायचं तर फाटक होतं, पण ते कोळशाच्या यार्डाला वळसा घालून, पार तिकडे. धडधाकट माणूससुद्धा पोचेपर्यंत शिव्या द्यायला लागतो. फटीपाशी पायी जायचा पूल बांधायचा असं ठरून जमाना झाला होता. खांब कुठे येणार तिथे पांढऱ्या रंगाच्या खुणासुद्धा केल्या होत्या. पोरं त्या चौकटीत लंगडी खेळायची.

आणि काकू रोज त्याच फटीतून कामाला जायची. भोंगाकाकांची बायको!

"अगं, मी जगाला सांगत फिरतो," काका म्हणायचे.

"मग जगाला सांगा ना. मी कुठे अडवलं?"

"तुला एका कानाने ऐकू येत नाही."

"दुसऱ्याने येतं. फाटकातून जायचं म्हणता, तर माझे गुडघे आहेत का तुमच्या त्या तक्त्यावर? तिथे नुसती एक बाई काढलीय साडीतली, हसत हसत चाललीय. तिला एकदा यार्डाचा वळसा घालायला लावा, मग बघा कशी हसते."

तक्त्यावरची बाई खरंच हसत होती.

एकदा काका मुद्दाम फटीपाशी लपून बघायला गेले. काकू आली. तिच्याबरोबर ती बोळक्या तोंडाची पोरगी, काकूचा हात धरून. पोरीने मान वाकडी केली, डोळे मिटले आणि ऐकलं. लांबून भोंगा आला. "शेवट ताणलाय काकू," पोरगी म्हणाली, "लांब आहे. चला, आत्ता चला." दोघी रूळ ओलांडून गेल्या. पलीकडे गेल्यावर पोरीने मागच्यांना हाताने खूण केली, थांबा म्हणून, आणि बाकीची पोरं शहाण्यासारखी थांबली. गाडी गेली, मग ती पोरं आली.

काका भिंतीला टेकून खाली बसले. पोरं त्यांचं सगळं शिकली होती. फक्त रूळ ओलांडू नये हे सोडून. उलट आता जास्त भरवशाने ओलांडत होती.

अशातच मोजणीवाल्या मॅडम आल्या. मोठ्या ऑफिसातून, रेल्वेच्या शिकवणीचा उपयोग होतो का नाही ते मोजायला. आधी त्यांनी शाळेत परीक्षा घेतली. सगळ्या पोरांना पैकीच्या पैकी. मॅडमनी पेपर बघितले, मग बाकाखाली वाकून पोरांचे पाय बघितले, आणि काकांना म्हणाल्या, "डोक्यात गेलंय. पायात गेलंय का ते बघायला पाहिजे."

मॅडम चांगल्या होत्या. उगाच कुणाला नावं ठेवायची नाहीत. त्यांनी ठरवलं, शिकवणीच्या आधीची मोजणी ऑफिसकडे आहेच, आता एक आठवडा फटीपाशी बसून माणसं मोजायची. किती फटीतून जातात ते.

रेल्वेच्या ऑफिसातल्या साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. साहेबांच्या टेबलावर काचेखाली त्यांच्याच मुलांचे फोटो होते आणि त्यावर चहाचा कप ठेवलेला, नेमका धाकट्याच्या तोंडावर.

"बसा," साहेब म्हणाले. "सरळ सांगतो. वरून एकाच गोष्टीला मंजुरी मिळणार. पूल नाहीतर शिकवणी. शिकवून लोक फाटकातून जायला लागले असतील, तर पूल कशाला हवा? आणि गेले नसतील, तर तुमची शिकवणी कशाला हवी? मोजणी काय म्हणेल त्यावर."

"आणि शिकवणी बंद झाली तर मी?"

"हरवलेल्या सामानाची खोली आहे ना. छत्र्या सांभाळायच्या. शांत काम आहे."

काका बाहेर आले तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पूल आला पाहिजे. शिकवणी गेली तर जाऊ दे, छत्र्या तर छत्र्या. काकू पुलावरून जाईल, दुसरा कान गेला तरी चालेल. आणि गंमत अशी की यासाठी करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. लोक रोज जातात तसे गेले की झालं. मोजणी खरं तेच सांगेल.

घरी येऊन त्यांनी काकूला अर्धंच सांगितलं. मोजणी आहे, वाईट आली तर शिकवणी बंद, मला छत्र्यांपाशी बसवतील. पुलाचं बोललेच नाहीत. मागे त्या पांढऱ्या खुणा झाल्या तेव्हा काकूने अख्ख्या आळीला चहा पाजला होता, आणि मग कितीतरी दिवस ती फटीपाशी आली की खुणांकडे बघायचीच नाही. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा तोंडावर पडायचं, हे तिला नको म्हणून काका गप्प बसले.

काकूने विचारलं, "वाईट म्हणजे? लोक फटीतून गेले तर?"

"हो."

"बरं," काकू म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

मोजणी सुरू झाली. फटीसमोर रुळापलीकडे रेल्वेचं जुनं पंपघर आहे, त्याच्या खिडकीला काळी काच. आत दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर मॅडम, हातात खटका दाबायचं छोटं यंत्र, एक माणूस गेला की एकदा दाबायचं. दुसरीवर काका, जागा माहीत असलेला माणूस पाहिजे म्हणून. पंप बंद पडलेला, पण तेलाचा वास तसाच. कोपऱ्यात पाणी ठिबकत होतं.

सकाळची गर्दीची वेळ आली. फटीपाशी कुणीच आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आज सुट्टी आहे का?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनाही समजेना.

वेळ जात होता. गाड्या येत होत्या, जात होत्या. फट तशीच, उन्हाचा एक पट्टा आत आलेला, बाकी काही नाही. मग एक कुत्रं आलं. फटीतून बाहेर डोकावलं, दोन्हीकडे बघितलं, आणि आरामात रूळ ओलांडून गेलं.

"हे धरायचं का?" मॅडमनी खटका वर केला.

"माझ्या वर्गात नव्हतं ते," काका म्हणाले.

मॅडम खूप हसल्या. काका पण हसले, आणि पुन्हा फटीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काका खिडकीला नाक लावून बसलेले. आयुष्यात कधी नव्हे ते मनात म्हणत होते, या ना रे, कुणीतरी या. रोज मरायला येता, आजच काय झालं?

मग एक दूधवाला आला. सायकल भिंतीला टेकवली, कॅन खांद्यावर घेतला, आणि फटीतून एक पाय बाहेर टाकला. काकांची मूठ वळली. ये. ये. एवढा एक तरी ये. मॅडमनी खटक्यावर बोट ठेवलं.

आणि भोंगा आला. तुकडे तुकडे. जवळचा.

काका खुर्चीवरून उठले की पडले ते त्यांनाच समजलं नाही. खुर्ची मागे आपटली. तोंड उघडं, दोन्ही हात काचेवर, आणि आवाज नाही. तोच तरणा माणूस, तोच डबा, सगळं पुन्हा समोर. दूधवाल्याने पंपघराच्या खिडकीकडे बघितलं, जीभ चावल्यासारखं केलं, पाय आत घेतला, सायकल वळवली आणि गेला. मागून गाडी धडधडत निघून गेली.

मॅडमनी काकांना पाणी दिलं. ते कसेबसे म्हणाले, "मी काय मागत होतो इथे बसून?" मॅडमना त्यातलं काहीच कळलं नाही. कळणार कसं?

संध्याकाळी काका यार्डाच्या रस्त्याने चालत वस्तीकडे निघाले. बघतात तर रस्ता माणसांनी भरलेला. कारखान्यातले कामगार, धुलाईखान्यातल्या बाया, दप्तरं ओढत चाललेली पोरं. सगळे घामाघूम, सगळे फाटकातून. काकांना बघून एका कामगाराने हात वर केला. "काका, बिनधास्त राहा! तुमची नोकरी जाऊ देणार नाही आम्ही!"

"पायाचे तुकडे पडले," दुसरा म्हणाला, "पण तुमच्यासाठी काय पण!"

बोळकी पोरगी पळत आली आणि काकांच्या बोटाला लटकली. "काका, आम्ही कुणालाच सोडलं नाही फटीतून. दूधवाला विसरला होता. त्याला मी इतकं बोलले!"

काका उभे राहिले. काय बोलणार? उद्या फटीतून जा, असं म्हणणार? पोरांना? त्यांनी तोंड उघडलं. पोरीकडे बघितलं. मग म्हणाले, "शहाणी आहेस." आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला बराच वेळ. पोरगी कंटाळून खाली वाकून निसटली.

मोजणीचा आठवडा संपला तेव्हा त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. लोक प्रेमाने असं करतायत, हे खरं नाही, पुन्हा मोजा, कुणाला न सांगता मोजा. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. इतकं स्वच्छ कुठे काही नसतं." त्या साहेबांकडे गेल्या. काका दाराबाहेर उभे.

आतून साहेबांचा आवाज येत होता. "निकाल चांगला आलाय ना? मग चांगला निकाल तपासायला पुन्हा खर्च? वाईट आला असता तर समजू शकतो."

"पण लोकांना माहीत होतं."

"लोकांना माहीत होतं आणि लोक फाटकातून गेले. म्हणजे शिकले ना? अजून काय असतं शिकणं?"

मॅडम बाहेर आल्या. काकांशी नजर मिळवली नाही त्यांनी. म्हणाल्या, "मी माझ्या अहवालात लिहीन." लिहिलं असेलही. छापून आलं त्यात ते नव्हतं. काकांचा फोटो होता, तोंडाभोवती हात धरलेला. तो मोठा करून स्टेशनच्या भिंतीवर लावला. पुलाची फाईल बंद झाली. पांढऱ्या खुणांवर माल ठेवायचा चौथरा केला, पोरांची लंगडीही गेली.

ज्या दिवशी निकाल आला त्या संध्याकाळी काकू खाटेवर पाय लांब करून बसली होती. दोन्ही गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी, दोरीने बांधलेली. तोंडावर मात्र असं तेज की विचारू नका.

"वाचली ना नोकरी?"

"वाचली." काका खाली बसले. "सगळ्यांना कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुमची ती तक्त्यावरची बाई? मी सांगितलं. एकेका दाराशी गेले. म्हटलं, या आठवड्यात फटीतून जो जाईल त्याची माझ्याशी गाठ आहे. दूधवाल्याचं दूध बंद करीन म्हटलं."

"तू पण फाटकातून गेलीस?"

"मग काय उडत गेले?"

काकांनी पिशव्या सोडल्या, तेल घेतलं आणि गुडघे चोळायला लागले. सुजून भोपळे झाले होते. पूल गेला हे सांगायला त्यांनी मान वर केली. काकू त्यांच्याकडेच बघत होती, उजवा कान पुढे करून, ते काय म्हणतात ते ऐकायला. काका म्हणाले, "छान केलंस."

"काय? मोठ्याने बोला."

"छान केलंस!" काका ओरडले.

"हां," काकू म्हणाली. "असं."

पुढच्याच आठवड्यात फट पुन्हा भरून वाहायला लागली. रोज कोण एवढा वळसा घालणार? भोंगाकाकांची नोकरी वाचली होती, आता आपापल्या नोकरीवर वेळेत पोचायला पाहिजे. काकूचे गुडघे तर त्या आठवड्यानंतर आणखीच वाईट झाले, रूळ ओलांडताना पाय उचलायला तिला आता पूर्वीपेक्षा वेळ लागायचा.

मग काका रोज सकाळी तिच्याबरोबर जायला लागले. फटीपाशी आले की अंगातलं रेल्वेचं जाकीट काढायचं, उलटं करून बगलेत धरायचं. काकूच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, कान नसलेल्या बाजूला. दोन्हीकडे बघायचं. ऐकायचं. मग तिच्या दंडाला धरून एकेक रूळ. पलीकडे पोचलं की तिला धुलाईखान्याच्या दिशेने सोडायचं, जाकीट सुलटं करून चढवायचं आणि शाळेत जायचं. तिथे पोरं वाट बघत असायची. "रूळ कुठून ओलांडायचा?" काका विचारायचे. ज्यांच्यामागे उभं राहून ती पोरं नुकतीच फटीतून आली होती, त्यांनाच ती ओरडून सांगायची, "फाटकातून!" कुणी हसायचं नाही. कुणी कुणाला उघडं पाडायचं नाही. एवढी माया होती.

काका निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं. पुलाची गोष्ट त्यांनी काकूला शेवटपर्यंत सांगितली नाही. तिला कळलं तर ती स्वतःला माफ करणार नाही, असं त्यांना वाटायचं.

धुलाईखान्यात काकूच्या शेजारी इस्त्रीला एक बाई असायची. तिची बहीण साहेबांच्या ऑफिसात फरशी पुसायची, आणि साहेब तिच्यासमोर काहीही बोलायचे. त्या बाईने फार वर्षांनी सांगितलं, काका आणि काकू दोघंही गेल्यानंतर. पूल नाहीतर शिकवणी, हे अख्खंच्या अख्खं तिने काकूला मोजणी सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. काकूने यंत्र बंद केलं, उजवा कान पुढे केला आणि तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं, नीट ऐकलंय ना याची खात्री करायला. मग त्या दिवशी ती लवकर सुट्टी घेऊन निघाली, आणि वस्तीतल्या पहिल्या दाराची कडी वाजवली.